संध्याकाळची झोप कुणासाठी?

"चौथ्या महिन्यात छान घडी बसली होती. आता सगळं विस्कटलंय. माझं कुठे चुकतंय?"

सहा ते दहा महिन्यांच्या बाळाची आई बाळाच्या झोपेबद्दल माझ्याकडे समुपदेशनाला येते, तेव्हा तिचं पहिलं वाक्य बहुधा असंच असतं. मृणालनेही हेच विचारलं. (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली आणि ती कामावर रुजू झाली. ईरा आता आठ महिन्यांची. दिवसभर आजीजवळ.

मृणालने मोबाइलमध्ये सगळं टिपून आणलं होतं. सकाळी सातला जाग. मालीश, आंघोळ आणि साडेनऊपासून दोन तास गाढ झोप. दुपारी पाऊण तास. मग संध्याकाळी पावणेसहा ते सात. रात्री झोपायला अकरा, आणि पुढे एकला, तीनला, पाचला दूध. दिवसा काढून ठेवलेलं दूध मात्र ती जेमतेम घेते. "माझं दूध कमी पडतंय का? की मी तिला सोडून जाते म्हणून ती रात्री वसूल करते?"

मी डॉक्टर नाही. त्यामुळे झोपेबद्दल बोलण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून यायला सांगितलं. वजन वाढतंय ना, कान दुखत नाही ना, रक्त कमी नाही ना, हे आधी कळायला हवं. सगळं ठीक निघालं. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होत होता, वजनाची रेघ चढती होती. म्हणजे दूध पुरत होतं. एवढं ऐकूनच मृणालचे खांदे सैल पडले. दूध कमी पडल्याची भीती आईला आतून किती कुरतडते, ते मी रोज बघते.

चार महिन्यांची घडी आठ महिन्यांना पुरत नाही, याचं कारण बाळाच्या वाढीतच आहे. जन्मल्यावर बाळाला दिवस-रात्र कळत नाही, दर दोन-तीन तासांनी दूध आणि मधे झोप. दोन-तीन महिन्यांनंतर शरीराचं घड्याळ हळूहळू लागतं. चार महिन्यांच्या बाळाला दीड-दोन तास जागं राहिलं की झोप येते, म्हणून दिवसात तीन-चार डुलक्या लागतात. आठव्या महिन्यात तेच बाळ सहज तीन तास जागं राहू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. दिवसा जास्त झोपलं तर तेवढी रात्र कमी होणार. शिवाय याच वयात रांगणं सुरू होतं, दात शिवशिवतात आणि आई दिसेनाशी झाली की जीव घाबरतो. त्यामुळे मृणालची घडी कुणी मोडली नव्हती. ईरा मोठी झाली होती, जुनी घडी तिला पुरत नव्हती.

मग मी विचारलं, "ही पावणेसहाची झोप कुणी ठरवली?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मीच आईंना सांगितलं. मी घरी पोचते साडेसातला. तेव्हा ती झोपलेली असली तर मला दिवसभरात ती भेटतच नाही."

इथे मी घाई केली नाही. कागदावर ती झोप खोडणं सोपं होतं. पण त्या सव्वा तासावर एका आईचा दिवस उभा होता. संध्याकाळी झोपलेलं बाळ रात्री अकरापर्यंत टवटवीत राहतं, हे तिलाही दिसत होतं. पण त्याचा मोबदला म्हणून तिला ते हसरे तीन तास मिळत होते आणि त्यासाठी ती रात्रभर जागायला तयार होती. अशा आईला 'बाळाच्या हितासाठी' म्हणून गप्प करणं मला मान्य नाही. आईला भेट हवी, ही गरज खरीच आहे. प्रश्न एवढाच होता की ती भेट दिवसात दुसरीकडे कुठे बसवता येईल.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंनाही बोलावलं. दिवसभर बाळ ज्यांच्या हातात असतं त्यांना वगळून केलेलं वेळापत्रक दोन दिवसही टिकत नाही. सकाळची दोन तासांची झोप थोडी आवरती घेऊ म्हटल्यावर काकू ठाम होत्या. "अहो ताई, झोपलेल्या लेकराला उठवायचं नसतं." मी वाद घातला नाही. उठवायचं नाही, फक्त सकाळी अकराच्या सुमारास पडदे सरकवायचे, स्वयंपाकघरातला आवाज येऊ द्यायचा, असं ठरलं. ईरा आपसूक उठू लागली.

एका वेळी एकच बदल करायचा, हा माझा आग्रह असतो. सगळं एकदम हलवलं तर कशाने काय झालं ते कळत नाही आणि चौथ्या दिवशी घरातले सगळे दमून जातात.

मग आम्ही खाण्याकडे वळलो. दुपारी ईराला वरणावरचं पाणी मिळत होतं. काकूंच्या दृष्टीने ते पचायला हलकं. पण त्यात पोट भरण्यासारखं फार नसतं; बाळाचं इवलंसं पोट पाण्यानेच भरतं. त्याऐवजी मऊ वरणभात बोटांनी कुस्करून, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट, वर तूप. संध्याकाळी नाचणीची खीर, पण मीठ-साखर नाही, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. सहा ते आठ महिन्यांत असं दोन-तीन वेळा खाणं आणि बाकी आईचं दूध. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. पहिल्या वर्षात मुख्य आहार दूधच, त्यामुळे दुधाला घास पर्याय म्हणून द्यायचे नाहीत.

दिवसा दूध कमी घेण्याचं एक कारण अगदी साधं होतं. या वयाचं बाळ दारावरची बेल वाजली तरी मान वळवतं. दूरदर्शन संच चालू असलेल्या खोलीत ते दूध घेत नाही, दोन घोट घेऊन भोवती बघत बसतं. मग रात्री अंधारात, शांततेत, आईच्या कुशीत पोटभर पितं. आई नोकरीला जाऊ लागली की अनेक बाळं असं रात्रीकडे झुकतात. त्यात रुसवा नसतो आणि शिक्षाही नसते. मृणाल सकाळी निघण्याआधी आणि घरी आल्यावर लगेच, आतल्या खोलीत दार लोटून पाजू लागली.

खाणं सुधारल्यावर दुपार-संध्याकाळच्या झोपेला हात घातला. दुपारची झोप तीनच्या सुमारास आणली आणि साडेचारनंतर झोप नको असं ठरवलं. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. संध्याकाळी सहाला ईरा डोळे चोळत किरकिरायची. अशा दिवशी मी काकूंना मुभा दिली होती: वीस मिनिटं मांडीवर पडू दे, पण मग रात्रीची झोप उशिरा नको. तीन झोपांवरून दोनवर येताना बाळ दोन-तीन आठवडे असंच मागे-पुढे करतं.

आणि भेट? रात्री साडेआठची झोप ठरल्यावर मृणालला संध्याकाळचा एकच तास उरला. तो आम्ही पूर्ण तिचा केला. घरात शिरल्यावर फोन बाजूला, स्वयंपाक नवऱ्याकडे, दूध, गाणं, अंथरूण. सकाळी साडेसहाला ईरा उठू लागली, तेव्हा मालीश आजीऐवजी आईने करायची. काकूंनी हे पटकन मान्य केलं याचं मला फार बरं वाटलं. आठवड्यातले दोन दिवस घरून कामाची परवानगीही मृणालने मागून घेतली. सतरा वेळा मनात येऊनही तिने ती आधी मागितली नव्हती.

रात्रीच्या जागेपणात बाबा आले. पहिल्यांदा कुशी बदलून रडली तर बाबांनी थोपटायचं, आणि मध्यरात्रीनंतरचं एक दूध तसंच ठेवायचं. आठ महिन्यांच्या बाळाला रात्री एखाद-दोनदा भूक लागणं स्वाभाविक आहे. एकटं रडू द्या, असं मी सांगत नाही.

मग गणपती आले. कोथरूडमध्ये त्या दहा दिवसांत ढोल-ताशाचा आवाज भिंतीतून येतो. दिनचर्या पार हलली. मृणालचा फोन आला, "परत सगळं पहिल्यासारखं." मी सांगितलं, विसर्जनानंतर त्याच क्रमाने सुरू करा, वेळ जुळली नाही तरी क्रम तोच. दूध, खेळ, खाणं, झोप. थोड्या दिवसांत ईरा पुन्हा रात्री नऊच्या आत झोपू लागली, आणि एकच वेळ दुधाला उठू लागली.

तिला मी पुढचंही सांगून ठेवलं आहे. साधारण १४ ते १८ महिन्यांच्या दरम्यान सकाळची झोप नको होईल. सलग दोन आठवडे ती पाळण्यात नुसती खेळत पडली तरच ती झोप सोडायची, एखाद्या दिवसावरून ठरवायचं नाही. मग दुपारची एकच झोप, जेवणानंतर. आणि लंगोट कमी ओले होऊ लागले, ताप आला, बाळ मरगळलेलं दिसलं किंवा वजन थांबलं, तर झोपेचं वेळापत्रक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं.