डिस्नेलँडच्या ब्लू बायू रेस्टॉरंटमध्ये भरदुपारी इतका अंधार का असतो?

तुम्ही लिहिलंय की दुपारी बारा वाजता कॅलिफोर्नियाच्या रखरखीत उन्हातून तुम्ही ब्लू बायूमध्ये शिरलात आणि आत चक्क रात्र होती. मेनूकार्ड वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला, बरोबर आई होती तिला तर काहीच दिसेना, आणि एवढे पैसे मोजून अंधारात का जेवायचं, हा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की तो अंधार तुमच्या ताटासाठी नाहीच, तो छतासाठी आहे.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. ब्लू बायूमध्ये दोनदा जेवले आहे आणि पहिल्या वेळी काय खाल्लं ते आज आठवत नाही, कारण सगळा वेळ मान वर करून बसले होते.

हे रेस्टॉरंट 18 मार्च 1967 ला उघडलं, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही बोटीची राइड सुरू झाली त्याच दिवशी. दोन्ही एकाच छपराखाली आहेत, आणि सगळं इंगित त्यातच आहे. बोट सुटली की सुरुवातीलाच लुइझियानाच्या दलदलीचा काठ लागतो. नुकतीच रात्र पडलेली, झोपडीच्या ओसरीवर खुर्चीत झुलणारा म्हातारा, बँजोचे सूर, बेडूक, रातकिडे, काजवे. आणि दुसऱ्या काठावर रंगीत कंदील लावून कुणाच्या तरी बागेत मेजवानी चाललेली दिसते. ती मेजवानी म्हणजे तुम्ही. तुम्ही बोटींकडे बघत जेवत असता, तेव्हा बोटीतले लोक तुमच्याकडे देखावा म्हणून बघत असतात. त्यामुळे तिथला एकेक दिवा दोन्ही काठांवरून बघून लावावा लागतो. रंगमंचावर आम्हाला प्रेक्षकांची एकच बाजू सांभाळायची असते, तरी नाकी नऊ येतात.

आता छताकडे येते. कुठल्याही मोठ्या इमारतीच्या छताला एसीचे डक्ट असतात, आग विझवायचे पाण्याचे नळ असतात, वायरी असतात. हे सगळं गडद रंगाने रंगवून टाकलं तरी आकाश होत नाही, रंगवलेलं छत होतं. कारण डोळा अंतर ओळखतो ते कडांवरून आणि सावल्यांवरून. नळाची एक कड दिसली की छत किती उंचीवर आहे ते कळलं, आणि ते कळलं की आकाश गेलं. म्हणून प्रकाश इतका खाली आणावा लागतो की वर बघणाऱ्याला एकही कड सापडू नये. यात खरी पंचाईत पांढऱ्या ताटाची आणि पांढऱ्या कागदाची होते. टेबलावर वरून भक्कम दिवा सोडला की तो ताटावरून उसळतो आणि थेट छताला जाऊन भिडतो. तुमच्या टेबलावर दिवा वाढवला तर तुमच्याच डोक्यावरचं आकाश जातं, आणि शेजारच्या चार टेबलांचंही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एका पार्कमधल्या रेस्टॉरंटचं काम माझ्याकडे आलं होतं, नाव घेत नाही. आम्ही छतावर तारे केले होते, त्यांची मांडणी जुळवायला कितीतरी रात्री शिडीवर काढल्या होत्या. उद्घाटनानंतर काही दिवसांनी गेले, तर प्रत्येक टेबलावर एक एक पांढरा बल्ब टांगलेला. लोक तक्रार करतात म्हणे, दिसत नाही. तारे होते तिथेच होते, पण आता ते छताला टोचलेले दिवे दिसत होते आणि त्यांच्या मधून एक करडा पाइप आरपार गेलेला दिसत होता. मी तिथे जेवले नाही, बाहेर येऊन बराच वेळ बसून राहिले. पण तक्रार करणारे चुकले नव्हते, हे मला नंतर पटलं. दाराच्या आत दोन पावलांवर पहिलं टेबल होतं. उन्हातून अंधारात यायला मधला टप्पाच आम्ही ठेवला नव्हता, ती चूक आमची होती.

त्या टप्प्याचं महत्त्व आकड्यांवरून कळेल. लक्स हे प्रकाश मोजायचं एकक. भर उन्हात प्रकाश 1 लाख लक्सच्या घरात जातो. मेणबत्तीपासून 1 मीटरवर तो साधारण 1 लक्स असतो. एवढी दरी नुसती डोळ्याची बाहुली मोठी करून ओलांडता येत नाही, बाकीचं काम डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना करावं लागतं आणि त्यांना वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी दहाएक मिनिटांत सरावतात, अंधारात काम करणाऱ्या दंडाकार पेशींना अर्धा तास लागतो. म्हणजे तुम्ही मेनूकार्ड हातात घेतलंत तेव्हा तुमचे डोळे अजून उन्हातच होते.

आईचं वेगळं. वय वाढतं तशी बाहुली आक्रसते आणि भिंग पिवळसर होत जातं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीतल्या डोळ्याला मिळतो. तुम्हाला जो संधिप्रकाश वाटतो तो आईसाठी जवळजवळ काळोख असतो. आम्ही प्रकाशयोजना करणारे बहुतेक जण तिशी-चाळिशीत असताना आपल्याच डोळ्यांनी दिव्यांची पातळी ठरवतो, हे मला फार खटकतं. आता मी तालमीला मुद्दाम एखाद्या वयस्कर माणसाला मागच्या रांगेत बसवते आणि त्यांना काय दिसतं ते विचारते.

रंगाबद्दलही सांगायला हवं, कारण 'सगळं निळं-निळं होतं' असंही तुम्ही लिहिलंय. खरं चांदणं निळं नसतं. चंद्रावरून परत आलेलं ते ऊनच असतं, उलट किंचित तांबूसच. पण मंद प्रकाशात दंडाकार पेशी पुढे येतात आणि त्यांना निळा-हिरवा भाग जास्त जाणवतो, तांबडा जवळपास जाणवतच नाही. तिन्हीसांजेला जास्वंद आधी काळी पडते आणि पानं बराच वेळ दिसत राहतात, ते यामुळे. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. रंगमंचावर रात्र दाखवायला आम्ही निळा वापरतो तो या अनुभवाच्या आधारावर. मात्र हाच निळा ताटावर पडला तर घात होतो: टोमॅटो काळा दिसतो, मांस राखाडी. म्हणून भोवताल निळा आणि टेबलापुरता मेणबत्तीच्या रंगाचा छोटा दिवा, अशी वाटणी करावी लागते. त्या पिवळ्या दिव्याशेजारी निळा अधिक निळा वाटतो, हा वरचा फायदा.

दुसऱ्या वेळी मी हे नीट बघितलं. टेबलावरच्या दिव्याचा प्रकाश पाण्याच्या ग्लासातून जाऊन पलीकडे एक थरथरतं वर्तुळ पाडत होता. वेटरने ताट ठेवलं तेव्हा त्याचा हात मनगटापर्यंत सोनेरी आणि बाहीपासून वर निळसर होता, मधे सीमा कुठे ते सापडेना. दिवा चेहऱ्याच्या खाली असूनही समोरच्या मैत्रिणीचा चेहरा भेसूर दिसत नव्हता, कारण कंदिलांचा मऊ प्रकाश वरून थोडा थोडा झिरपत होता. हे असं जमवायला किती वेळा दिवे वर-खाली केले असतील, ते मला कळतं.

काजव्यांबद्दल विचाराल तर अशी करामत करायची जुनी रीत अगदी साधी आहे: लवचीक तारेच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा दिवा आणि लांबवर लपवलेला पंखा. वारा तार हलवतो, दिवा भटकतो. पण तार दिसली की खेळ खलास, म्हणजे पुन्हा अंधार आलाच.

ही जोडणी पुढे इतरत्रही दिसली. फ्लोरिडात 1982 साली डिस्नेचं एपकॉट हे पार्क उघडलं, तिथे मेक्सिकोच्या दालनातलं सॅन अँजेल इन हे रेस्टॉरंट असंच कायमच्या रात्रीत आहे, समोर पिरॅमिड, दूर धुमसणारा ज्वालामुखी आणि शेजारून जाणाऱ्या बोटी. टोकियो डिस्नेलँडमध्येही ब्लू बायू आहे.

पुन्हा गेलात तर एवढं करा. पाण्याकाठचं टेबल मागा, थांबावं लागलं तरी. ताटकळत बसायची वेळ आली तर मोबाइल बघू नका, तेवढ्यात डोळे सरावतात. मेनूकार्ड आधीच मोबाइलवर बाहेर उन्हात वाचून घ्या, आईलाही तिथेच वाचून दाखवा. आत टॉर्च लावला की सरावलेले डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, तुमचेही आणि शेजारच्यांचेही. फोटो काढायचाच असेल तर फ्लॅश बंद, नाइट मोड चालू, आणि फोन ग्लासाला टेकवून स्थिर ठेवा.

त्या दिवशी आमचं जेवण संपत आलं असताना एका बोटीतून पाच-सहा वर्षांच्या मुलीने आमच्याकडे बघून हात हलवला. तिला माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं, दिव्यामागे कुणीतरी बसलंय एवढंच दिसत असणार. मी हात वर केला आणि मग जरा खाली आणून दिव्यासमोर धरून हलवला, म्हणजे तिला दिसावा. बोट वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत होती.