२४/१९२ च्या मागे लागण्याआधी

भाऊ, जळगाव-धुळे एसटीत खिडक्या खडखडत असताना गाण्याची २४ बिट/१९२ किलोहर्ट्झची 'हाय-रेझ' (जास्त बारकाईने नोंदवलेली) फाइल आणि साधी सीडी-क्वालिटी यांतला फरक तुला कळणार नाही. मलाही कळत नाही, आणि मी बारा वर्षं ऐकतोय.

सीडी म्हणजे १६ बिट/४४.१ किलोहर्ट्झ. बिट म्हणजे आवाजाची प्रत्येक नोंद किती बारीक, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नोंदी. पाच मिनिटांचं गाणं कॉम्प्रेस न करता साधारण ५३ एमबी. तेच २४/१९२ मध्ये ३४५ एमबी. फ्लॅक (फाइल आवळून लहान करायची एक पद्धत) केलं की जागा बरीच वाचते, आवाजातलं काहीच जात नाही. सुरुवात फ्लॅकनेच कर. डीएसडी नावाच्या वेगळ्या हाय-रेझ प्रकाराच्या नादी आत्ता लागू नको. बरेच प्लेअर ते आतल्या आत पीसीएम (सीडीवर असतो तोच नेहमीचा प्रकार) करूनच वाजवतात.

ब्लूटूथवर ऐकणार असशील तर एलडॅकसुद्धा (ब्लूटूथवरून चांगला आवाज पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ९९० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९९० किलोबिट, देतं, सीडीला लागतात १४११. म्हणून वायरवाला इअरफोन घे, कानात घट्ट बसणारा.

एकदा मित्राकडून 'हाय-रेझ' म्हणून कार्ड भरून आणलं. स्पेक्ट्रम (कोणत्या पट्टीचा आवाज किती, त्याचा आलेख) उघडून पाहिला, तर १६ किलोहर्ट्झच्या वरच्या उंच पट्टीत सगळं सपाट. आवाजातला काही भाग टाकून देणाऱ्या एमपीथ्रीचंच फ्लॅक केलेलं! भरताच्या वांग्याला देठ बघतो ना आपण, तशी फाइल आधी तपासून घे.