घरचे ‘नको’ म्हणत असतील तर

ताई, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला घरचे विरोध करत असतील, तर वाद घालत बसू नका. सर्वांत जास्त विरोध करणाऱ्यालाच सर्जनकडे सोबत न्या. ‘स्लीव्ह’ या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढतात, हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. संमतीपत्रावर सही मात्र तुमचीच लागते.

छातीत जळजळ होत असेल तर आधी एन्डोस्कोपी करा. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, अशा वेळी गॅस्ट्रिक बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) बरा. पण बायपासनंतर आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद, नाहीतर अल्सरचा धोका.

खरी ओढाताण ताटावर होते. सासूबाईंनी आग्रहाने वाढलेली अर्धी पोळी सुरुवातीला घशाखाली अडकते, उलटी होते. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, बी12, लोह, कॅल्शियम जन्मभर. मूल हवं असेल तर 12 ते 18 महिने थांबावं लागतं, हेही घरात आत्ताच बोलून टाका.