एका दिवसात भरतपूर: आधी पाणी किती ते विचारा, मग आखणी करा

तुमचा प्रश्न असा आहे: डिसेंबरअखेर दिल्ली-आग्रा सहल, बरोबर सत्तरीचे आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी. त्यातला एक दिवस भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानासाठी. आग्र्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत, हा बेत जमेल का?

एक दिवस पुरतो. मात्र मुक्काम आदल्या रात्रीच भरतपुरात करा. आग्रा ते भरतपूर अंतर ५५ किलोमीटरच आहे, पण सगळ्यांचं आवरून, नाश्ता करून, वाटेतली गर्दी काढून दरवाज्याशी पोचेपर्यंत दहा वाजतात आणि पक्ष्यांची सकाळ हातची जाते. राहण्याच्या बऱ्याच जागा जयपूर-आग्रा महामार्गावर, उद्यानाच्या मुख्य दरवाज्याच्या आसपासच आहेत. मुंबईहून थेट यायचं असेल तर गोल्डन टेंपल मेल भरतपूरला थांबते, आग्र्याला वळसा घालायची गरज नाही. फतेपूर सिक्री दुसऱ्या दिवशी आग्र्याला जाताना वाटेतच लागते, ती त्याच दिवशी कोंबू नका. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, त्यामुळे वार बघून दिवस मांडा.

आरक्षण करण्याआधी हॉटेलवाल्याला किंवा गाईडला फोनवर एवढंच विचारा: "यंदा घन्यात पाणी किती आहे?" गावातले लोक या उद्यानाला 'घना' म्हणतात. इथलं सगळं पाण्यावर चालतं, आणि ते पाणी आपोआप येत नाही. मुळात हा खोलगट भाग. अठराव्या शतकात भरतपूरचे महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा नद्यांच्या संगमाशी अजान बांध घातला गेला आणि तिथलं पाणी इकडे वळलं. (पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांना १७६१ मध्ये आसरा देणारे सूरजमल ते हेच.) आत बांध घालून पाण्याचे तुकडे पाडले आहेत, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकातून दुसऱ्यात पाणी मोऱ्यांमधून सोडतात. गंभीर नदीवर वर करौलीकडे पांचना धरण झाल्यावर हा पुरवठा तुटू लागला. आता गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या पाण्यातून भर घालतात. त्यामुळे पाऊस चांगला झाला म्हणजे घना भरला असेलच, असं धरून चालू नका. पाणी कमी असेल तर पक्षी थोड्याच ब्लॉकांत गोळा झालेले असतात. अशा वर्षी गाईड घ्याच, कारण कोणते ब्लॉक ओले आहेत हे त्यालाच ठाऊक असतं.

दुसरी अडचण धुक्याची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीकधी नऊ-दहापर्यंत वीस पावलांवरचं दिसत नाही. तारखा हलवता आल्या तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. नाहीच हलवता आल्या तर धुक्याच्या सकाळी सातला आत शिरायचा हट्ट नको. आई-वडिलांना गारठवून काही मिळणार नाही. नऊला आत जा आणि संध्याकाळ मात्र पूर्ण वापरा.

ताडोब्यासारखी जिप्सी, सफारीचं आगाऊ बुकिंग अशी धावपळ इथे नाही. दरवाज्यावर तिकीट काढायचं आणि चालत, भाड्याच्या सायकलवर किंवा रिक्षाने जायचं. उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे. आई-वडिलांसाठी रिक्षा, तुम्ही आणि मुलगी सायकलवर, ही विभागणी उत्तम. मुलीच्या उंचीची सायकल मिळेलच असं नाही, तेव्हा ब्रेक आणि सीट तपासूनच घ्या. रिक्षाचं भाडं तासावर असतं. म्हणून आधीच सांगा, "अर्धा दिवस, हळूहळू, थांबत थांबत." नाहीतर आतल्या केवलादेवाच्या देवळापर्यंत नेऊन दीड तासात परत आणून सोडतात. रिक्षावाल्यांपैकी अनेकांची नजर पक्ष्यांना सरावलेली असते. झाडाच्या ढोलीशी डोळे मिटून बसलेलं शिंगळा घुबड किंवा पाचोळ्यात मिसळून गेलेला रातवा आपल्याला एकट्याने सापडणं कठीण, ते दोन्ही त्यांना दाखवायला सांगा.

मुख्य दरवाज्यापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत साधारण पाच किलोमीटरचा सरळ डांबरी रस्ता आहे. पहिला दीडेक किलोमीटर कोरड्या झाडीचा, तो पहिल्या नाक्यापर्यंत. नाक्याजवळच्या रोपवाटिकेत घुबडं शोधायची. तिथून पुढे दोन्ही बाजूंना पाणी सुरू होतं, आणि सापन मोरीच्या आसपासचा पट्टा सगळ्यात भरलेला. तुमचा निम्मा दिवस इथेच जाऊ द्या.

आता उन्हाचं गणित. दरवाजा उत्तरेला आहे आणि रस्ता साधारण दक्षिणेकडे जातो. सकाळी ऊन डाव्या हाताने येतं, म्हणून जाताना उजवीकडच्या पाण्यावर लक्ष ठेवा, सूर्य पाठीशी राहतो आणि रंग खरे दिसतात. दुपारनंतर परतताना सूर्य पुन्हा डावीकडेच असतो, तेव्हाही उजवीकडेच बघा. डावीकडचे पक्षी चकाकत्या पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या होतात आणि मग "सगळी बदकं सारखीच" असं वाटायला लागतं.

थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं, एका जागी दहा-पंधरा मिनिटं. चित्रबलाक हा करकोचा उथळ पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून डावी-उजवीकडे फिरवत चालतो. मासा तो बघून पकडत नाही, चोचीला स्पर्श झाला की चोच मिटते. तिरंदाज पक्षी याच्या अगदी उलट. पाण्याखाली पोहत जाऊन टोकदार चोचीने मासा भोसकतो, वर येऊन हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. नंतर वाळक्या फांदीवर पंख पसरून बसतो, कारण त्याची पिसं भिजतात आणि वाळवल्याशिवाय नीट उडता येत नाही. मुलीला हे दोन पक्षी आधी दाखवा, यादीतली पन्नास नावं नंतर. बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात. चांगल्या पाण्याच्या वर्षी डिसेंबरअखेरही मोठी झालेली मळकट पिल्लं तिथे दिसतात. विणीचा खरा हंगाम मात्र ऑगस्ट ते ऑक्टोबर.

बदकांत तलवार बदक, थापट्या, चक्रांग, हळदीकुंकू, आणि त्यांच्यात काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी. मोकळ्या उथळ पाण्याशी पट्टकादंब हंसांचे थवे. गाईड नावं इंग्रजीत सांगेल, म्हणून मराठी नावांचं पक्षी-पुस्तक बरोबर असेल तर मुलीला जुळवता येईल. सायबेरियन क्रौंच दिसेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात आली होती, त्यानंतर इथे ते आले नाहीत. दिसला तर सारस दिसेल, बहुधा जोडीने, राखाडी अंग आणि लाल डोकं-मान.

साडेअकरा-बाराला देवळाशी पोचा. तिथे शिकारींच्या नोंदींचा शिलालेख आहे, तो मुलीला वाचून दाखवाच. हे संस्थानिकांचं बदकांच्या शिकारीचं राखीव रान होतं. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तेच रान १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळ झालं.

जेवण डब्यातून न्या. पोळी-भाजी, फळं, पुरेसं पाणी. तिकीट एका प्रवेशाचं असतं, जेवायला बाहेर पडलात तर पुन्हा काढावं लागतं. माकडं पिशव्या ओढतात, म्हणून डबा उघड्यावर ठेवू नका.

अजगर बघायचा असेल तर हीच वेळ. थंडीत तो साळिंदराच्या जुन्या बिळांत राहतो आणि ऊन तापल्यावर बिळाच्या तोंडाशी येऊन पडतो. सकाळी आठला जाऊन काहीच दिसत नाही. लांब उभं राहा. पावलांच्या हादऱ्याने तो आत सरकतो आणि उरलेल्या दिवसाचं त्याचं ऊन बुडतं. बिळांकडे जाणारी वाट कच्ची आहे, आई-वडिलांनी तेवढा वेळ देवळाशी सावलीत बसलेलं बरं.

तीनला परतीला लागा, मोरीशी पुन्हा थांबा. सूर्यास्ताला उद्यान बंद होतं, तेव्हा शेवटचं थांबणं नाक्याच्या अलीकडे ठेवा.

सामान: ८×४२ दुर्बीण (नसेल तर दरवाज्यावर भाड्याने मिळते, पण काचा तपासून घ्या, भुरकट असतात), कानटोपी आणि हातमोजे. सकाळी पारा सहा-सात अंशांवर असतो आणि सायकलवर बोटं बधिर होतात. दुपारी स्वेटर काढावा लागतो, म्हणून एका जाड कोटाऐवजी दोन-तीन पातळ कपडे घाला. भडक लाल-पांढरं टाळा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, आणि कुणी वाजवत असेल तर त्यालाही थांबवा.