इमेजिंग विभागातील औषधे ही कोणाची जबाबदारी?

प्रश्न : मी मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. यंत्रांची आवड असल्याने आणि औषधे-इंजेक्शनांपासून लांब राहता येईल, असे वाटल्याने ही शाखा घेतली. आता औषधशास्त्राचा पेपर आहे आणि पोस्टिंगमध्ये रुग्णांच्या गोळ्यांची चौकशीही करावी लागते. हे काम नर्सचे नाही का? मी शाखा बदलावी का?

उत्तर : यंत्रांची आवड ही या शाखेसाठी चांगली सुरुवात आहे, मात्र औषधांपासून लांब राहण्याचा आपला हिशेब येथे जुळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सीटीसाठी शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत अवयव व रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून दिला जाणारा द्रव) आणि एमआरआयसाठीचे गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट ही औषधेच आहेत. त्यांना ठरलेली मात्रा असते, क्वचित त्यांची जिवावर बेतणारी रिॲक्शन येते आणि शिरेबाहेर झिरपल्यास हात सुजतो.

वॉर्डात औषध रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत सहसा डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स यांच्या नजरेखालून जाते. इमेजिंग विभागात मात्र कॉन्ट्रास्ट बहुधा विभागाच्याच कपाटातून निघते, रुग्ण थोड्या वेळापुरता आलेला असतो आणि त्याची फाइल सोबत असेलच असे नाही; त्यामुळे सुई टोचण्यापूर्वीची शेवटची चौकशी अनेकदा टेक्नॉलॉजिस्टकडेच येते. नर्सचा वाटा मोठा आहेच, पण त्यामुळे आपला वाटा संपत नाही.

ज्या गोळ्यांची चौकशी आपल्याला कंटाळवाणी वाटते, त्यांत मधुमेहाची मेटफॉर्मिन असते. मूत्रपिंडाचे कार्य फार खालावलेल्या, म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात, याचा रक्ततपासणीतून काढलेला अंदाज) 30 पेक्षा कमी असलेल्या रुग्णाला आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्यायचे झाल्यास ही गोळी थांबवतात आणि 48 तासांनी मूत्रपिंडाची तपासणी करूनच पुन्हा सुरू करतात. अन्यथा ती शरीरात साचून रक्तातील आम्लता धोकादायक पातळीला जाऊ शकते. गोळी थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचा, पण ती चालू आहे हे त्यांच्यापर्यंत पोहोचायला कोणीतरी विचारावे लागते. प्रश्नही नेमका हवा. ‘औषधे घेता का?’ असे विचारले, तर त्वचेवर चिकटवलेला औषधी पॅच रुग्णाच्या लक्षातही येत नाही, आणि काही पॅचना धातूचा थर असल्याने ते एमआरआयमध्ये तापून त्वचा भाजते.

सिरिंजवरील लेबलाचेही असेच आहे. 2004 मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुगवट्यावर उपचार करताना कॉन्ट्रास्टऐवजी त्वचा निर्जंतुक करण्याचे क्लोरहेक्झिडिन रुग्ण महिलेच्या धमनीत गेले आणि त्या महिलेचा मृत्यू झाला. कॉन्ट्रास्ट, सलाइन आणि ते जंतुनाशक हे तिन्ही द्रव पारदर्शक दिसत होते. द्रव सिरिंजमध्ये ओढला की ती हातातून खाली ठेवण्यापूर्वी लेबल लावायचे, हा आग्रह अशा घटनांमुळे धरला जातो. पोस्टिंगमध्ये कोणी त्याला किचकट म्हणत असेल, तर त्याचे ऐकू नका.

शाखा बदलण्याचा निर्णय इतक्यात घेऊ नका. पुढील काही आठवडे यंत्र चालवण्याच्या कन्सोलऐवजी तयारीच्या टेबलाजवळ उभे राहण्याची परवानगी मागा, कॉन्ट्रास्टपूर्व प्रश्नावली ज्येष्ठ टेक्नॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली स्वतः भरा आणि रिॲक्शनच्या वेळी लागणारी ॲड्रेनालिन विभागात कुठे ठेवली आहे, ते पाहून घ्या. त्यानंतरही रुग्णाशी आणि औषधांशी येणारा संबंध नकोसाच वाटला, तर यंत्रांची देखभाल-दुरुस्ती किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे वळण्याचा विचार करता येईल; मात्र त्यासाठीची प्रवेशपात्रता आपल्या महाविद्यालयात आधी तपासून घ्या.