कोळसुंद्यांवर काम करायचं म्हणतेस, तर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाघाचा नाद सोडून कोळसुंद्यावर, म्हणजे आपल्या रानकुत्र्यावर, काम करायचं ठरवलंस, बरं वाटलं. पण ‘जिवंतपणी फाडून खातात ते बघवत नाही’ असंही लिहिलंयस. ते आधी मनातून काढ. पंधरा-वीस किलोच्या जनावराला सांबराचा गळा वाघासारखा दाबून धरता येत नाही. कळपानं मागून लचके तोडत पाडायचं आणि वाघ-बिबट्या येऊन हिसकावायच्या आत भराभर उरकायचं, एवढंच त्याला जमतं. याच किळसेपायी इंग्रजांनी त्याला मारण्यासाठी बक्षिसं लावली आणि ती प्रथा स्वातंत्र्यानंतरही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत रेंगाळली. भूतानमध्ये तर विष घालून जवळजवळ संपवला. मग रानडुकरांना मारणारं कुणी उरलं नाही, त्यांनी शेतं उकरायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना त्याची किंमत कळली.

आता कामाचं. याच्या अंगावर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे रानात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, दहा आले तरी कालचेच की दुसरे, सांगणं कठीण. जगात प्रजननक्षम प्रौढ 949 ते 2,215 असावेत असा आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अंदाज आहे. या दोन आकड्यांतली दरी बघ, म्हणजे मोजणीची अडचण कळेल. म्हणून विष्ठा गोळा करायला लाजू नकोस. कळपाच्या विष्ठेच्या जागा ठरलेल्या असतात, बऱ्याचदा जंगलवाटांच्या फाट्यावर. डीएनएवरून एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो, आणि विष्ठेतल्या केसांवरून चितळ खाल्लं की सांबर की वासरू, हेही. वासराचे केस निघाले तर अहवालात लपवू नकोस. गुराख्याला ते आधीच ठाऊक असतं, आणि मग तो तुझं बाकीचंही खोटं धरतो.

ताडोब्यात ते जिप्सीतून दिसतात, म्हणून सगळे तिकडेच धावतात. मी तुला सह्याद्री सुचवेन. कोयना-चांदोलीला 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पण वाघ मोजकेच. सांबरामागे पळणारं कुणी भेटलंच तर तो कोळसुंदाच. गर्द झाडीत तो दिसेलच असं नाही, त्याची शीळ मात्र ऐकू येईल. हिवाळ्यात पिल्लं असतात, तेव्हा बिळाजवळ फिरकू नकोस, फोटोसाठी तर नाहीच.

आणि गावात काम कर. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज हे रोग गावकुत्र्यांकडून रानात जातात. कळप एकाच शिकारीवर जेवतो, एकमेकांना चाटतो, त्यामुळे एकाला लागण झाली की सगळ्यांना धोका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ओळख काढ, गावकुत्र्यांच्या लशींची नोंद ठेव. ‘हे संशोधन नव्हे’ असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

अभयारण्यातली विष्ठा उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. अर्जाचा मसुदा आधी मला पाठव, बघून देतो.

तुझा,
काका