वाचकांचे प्रश्न : कोपर कुणाचे, पकड कुणाची?

प्रश्न : गेल्या महिन्यात संध्याकाळी दादरच्या फलाटावर पांढरी काठी घेतलेले एक अंध गृहस्थ गर्दीत उभे होते. त्यांना पलीकडे जायचे असेल असे समजून मी त्यांचा उजवा हात धरला आणि जिन्याकडे नेऊ लागलो, तर त्यांनी तो झटकला आणि ‘‘सोडा, मला इथूनच गाडी पकडायची आहे,’’ असे सर्वांदेखत सुनावले. तेव्हापासून अनोळखी माणसाला मदत करावी की नाही, याचाच संभ्रम पडला आहे.
— एक निवृत्त वाचक, डोंबिवली

उत्तर : आपला हेतू चांगला होता यात शंका नाही, परंतु त्या गृहस्थांनाही मी उद्धट म्हणणार नाही. ज्याला दिसत नाही, तो घराबाहेर पडल्यापासून पायऱ्या, वळणे, उद्घोषणेची दिशा, अगदी वडापावच्या गाडीचा वाससुद्धा मनात टिपत चाललेला असतो. न बोलता कुणी हात धरून ओढले की तो सगळा हिशेब विस्कटतो, आणि ओढणारा मदतीला आला आहे की पाकीट मारायला, हे कळायलाही त्याला मार्ग नसतो. शिवाय आपण धरलात तो बहुधा काठीचाच हात असावा. म्हणजे ज्या हाताने त्यांना पुढची वाट कळते, नेमका तोच आपण अडवलात.

पहिली गोष्ट बोलण्याची. ‘‘नमस्कार, मी इथला प्रवासी. काही मदत हवी आहे का?’’ एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. ‘नको’ म्हटले तर ‘बरं’ म्हणून बाजूला व्हावे. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. ‘हो’ म्हटले तर त्यांचा हात आपण धरायचा नसतो, आपले कोपर त्यांच्या हाताला लागेल असे पुढे करायचे असते. ते कोपराच्या किंचित वर धरतात आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालतो. आपले अंग वळले, थांबले, खाली उतरले, हे त्यांना त्या पकडीतून आपोआप समजते, आणि पकड त्यांची असल्यामुळे हवी तेव्हा सोडताही येते. वाट अरुंद झाली तर आपला हात पाठीमागे न्यावा, म्हणजे ते आपल्या मागे येतात. जिन्यापाशी क्षणभर थांबून पायऱ्या चढायच्या आहेत की उतरायच्या, ते सांगावे. सरकता जिना असेल तर तो चालेल का, हे आधी विचारावे. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘ते बघा समोर’ हे शब्द इथे निरुपयोगी असतात. ‘चार पावलांवर डावीकडे’ असे सांगितले तर उपयोग होतो. गाडीत चढवताना मागून ढकलू नये, दाराच्या दांड्यावर त्यांचा हात टेकवून द्यावा, पुढचे ते पाहून घेतात. बसायला जागा मिळाली तर बाकाच्या पाठीला त्यांचा हात लावून द्यावा. खांदे धरून खाली बसवण्याची गरज नसते.

आणि जाताना ‘‘मी निघतो’’ असे सांगूनच निघावे. हे मी चूक करून शिकलो. माझा एक वर्गमित्र पदवीच्या वर्षापासून दृष्टिहीन आहे. एकदा फलाटावर बोलता बोलता मला माझी गाडी दिसली आणि मी धावलो. डब्यातून वळून पाहिले तर तो मी होतो त्या दिशेला तोंड करून बोलतच होता आणि आजूबाजूचे हसत होते. त्याने तो प्रसंग कधी काढला नाही, मला मात्र तो फलाट अजून आठवतो.

हात न लावता करण्यासारखेही एक काम आहे. फलाटावरच्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशा शोभेच्या नाहीत. ही पद्धत 1965 साली जपानमध्ये सेइइची मियाके यांनी शोधली. लांबट रेघा चालण्याची दिशा दाखवतात आणि गोल ठिपके ‘थांबा, पुढे धोका’ असे सांगतात. आपण त्यांवर बॅगा ठेवतो, पथारी मांडतो आणि बाहेरच्या पदपथावर असल्या तर स्कूटरही लावतो. पुढच्या वेळी आपली बॅग जरा बाजूला घ्यावी.

प्रश्न : आमच्या किराणा दुकानात एक अंध गृहस्थ येतात. परत दिलेली प्रत्येक नोट ते बोटांनी चाचपतात. आमच्यावर विश्वास नाही की काय?
— एक दुकानदार, सांगली

उत्तर : विश्वासाचा प्रश्न नाही, ते नोट वाचत असतात. सध्याच्या 100 रुपयांच्या नोटेच्या कडांना 4 आणि 500 च्या नोटेला 5 तिरप्या उठावाच्या रेघा असतात, त्या याचसाठी. नोट जुनी, मऊ पडलेली असली की रेघा लागत नाहीत आणि चाचपायला वेळ लागतो. म्हणून गल्ल्यात कोरी नोट असेल तर ती त्यांना द्यावी, आणि ‘‘ही शंभराची, ही पन्नासची’’ असे म्हणत एकेक नोट हातात ठेवावी, नाणी निराळी. सोबत कुणी आले असले तरी हिशेब त्यांनाच सांगावा; गिऱ्हाईक ते आहेत. आणखी एक, आपल्याकडे हौसेने विचारतात तसे ‘‘ओळखा पाहू मी कोण?’’ असे कृपा करून विचारू नये. दिवसातून दहा जणांनी ही परीक्षा घेतली की माणूस कंटाळतो. ते दुकानात आले की ‘‘या काका, मी गल्ल्यावर आहे,’’ एवढे म्हणावे आणि यादी विचारावी.